मातीचे घर जपायचे म्हणजे काय?

खानदेशातल्या जुन्या वास्तूंची यादी करायला बसले की पहिल्या काही ओळी आपोआप लिहून होतात. लळिंगचा किल्ला, थाळनेरच्या फारुकी सुलतानांच्या कबरी, पारोळ्याचा भुईकोट, दोंडाईच्याची रावलांची गढी. यादी खोटी नाही, पण अर्धीच आहे. या वास्तूंच्या आजूबाजूला, आणि पुष्कळदा त्यांच्याही आधीपासून, इथली माणसे ज्या घरांत राहिली ती घरे या यादीत कधी येत नाहीत. मातीच्या जाड भिंती, वर धाबे, पुढे ओटा, मागे गुरांची जागा, कोपऱ्यात चूल आणि तिच्याजवळ जाते, असे हे घर. दोन पिढ्यांपूर्वी गावेच्या गावे अशा घरांची होती. आज एखाद्या गल्लीत असे एखादे घर दिसते, तेही बहुधा कुलूपबंद. त्यामुळे ‘हे जपायला हवे’ असे म्हणणारी माणसे आता भेटू लागली आहेत. पुढच्या पानांत अशा घरांची ओळख करून दिली आहे. त्या ओळखीत शिरण्याआधी एक प्रश्न सोडवून घेणे भाग आहे: घर जपायचे म्हणजे त्यातले नेमके काय जपायचे? भिंती, वस्तू की आणखी काही? या प्रस्तावनेचे म्हणणे असे की साधे घर टिकते ते त्याला दर वर्षी नव्याने उभे करणाऱ्या हातांमुळे आणि त्या हातांसोबत चालणाऱ्या बोलीमुळे. ते हात आणि ती बोली सोडून नुसत्या भिंती सांभाळल्या, तर जे हाती राहते त्याला घर म्हणण्यात अर्थ नाही.

हा मुद्दा नीट दिसावा म्हणून आधी फार लांब जाऊ. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटावर कैलुआ-कोना या गावी, अगदी समुद्राला लागून, हुलिहे नावाचे एक दुमजली घर आहे. बेटाचा कारभारी कुआकिनी याने ते १८३८ मध्ये बांधून घेतले. भिंती ज्वालामुखीच्या काळ्या दगडाच्या, सांधायला प्रवाळ भाजून केलेला चुना आणि आतले लाकूडकाम तिथल्याच कोआ आणि ओहिया झाडांचे. पुढे हे घर राजघराण्याकडे राहिले, राजा कालाकौआ उन्हाळ्यात इथे येऊन राहत असे. १८९३ मध्ये हवाईचे राज्य उलथवण्यात आले, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्याला जोडून घेतली, आणि हुलिहे ओस पडले. आतले सामान लिलावात गेले. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या ‘डॉटर्स ऑफ हवाई’ या महिलांच्या संस्थेने १९२०च्या दशकात ते पडण्यापासून वाचवले, विकले गेलेले पुष्कळसे सामान शोधून परत आणले आणि घर लोकांसाठी उघडले. २००६च्या ऑक्टोबरात भूकंपाने भिंतींना मोठ्या भेगा गेल्या. त्या बुजवून घर पुन्हा उभे केले गेले. जतनाचे काम किती चिकाटीचे असते याचा हा चांगला दाखला आहे, आणि त्या संस्थेचे ऋण मान्य करायलाच हवे.

पण याच अंगणातली दुसरी हकीकत अधिक बोलकी आहे. कालाकौआच्या आधी हे घर राजकन्या रुथ केएलिकोलानी हिच्या मालकीचे होते. बेटाचे राज्यपालपद तिने सांभाळले होते, जमीनजुमला अफाट होता. दगडी दुमजली घर हाताशी असताना ती राहायची मात्र त्याच आवारात गवताने शाकारलेल्या घरात. इंग्रजी तिला समजत असे, पण ती बोलायची हवाईयनच. ज्याला तिच्याशी काम असेल त्याने दुभाषी आणावा. १८८१ मध्ये मौना लोआ पर्वताचा तप्त लाव्हा हिलो गावाच्या वेशीपर्यंत आला तेव्हा लोकांनी तिला बोलावून घेतले, तिने जुन्या रीतीने ज्वालामुखीच्या देवीला अर्पण केले, आणि लाव्हा गावाबाहेर थांबला. यामागचे कारण ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे ठरवावे. आपल्या कामाचा भाग इतकाच की हवाईचे हवाईपण त्या काळी ज्या घरात नांदत होते ते गवताचे होते. आज प्रवासी पाहतात ते दगडाचे. गवताचे घर दर काही वर्षांनी शाकारावे लागते. शाकारणारे हात थांबले आणि ते घर मातीला मिळाले. दगड थांबून राहू शकतो, म्हणून तो उरला. वारसा म्हणून आपल्यासमोर जे येते त्याची निवड पुष्कळदा अशी टिकाऊपणाने केलेली असते. त्या वस्तूचे लोकांच्या जगण्यातले मोल किती होते याचा तिथे हिशोबच नसतो.

हवाईच्या लोकांनी यापुढे काय केले हेही पाहण्यासारखे आहे. ‘डॉटर्स ऑफ हवाई’ने आपल्या उद्देशांतच हवाईयन भाषेतली नावे आणि त्यांचे शुद्ध उच्चार जपण्याचे कलम घातले होते. म्हणजे घराबरोबर बोलीही राखावी लागते हे त्यांना तेव्हाच उमगले होते. पण १८९६च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले होते, आणि शाळेत न शिकवलेली भाषा संस्थेच्या कलमात किती दिवस टिकणार? ती वाचू लागली ते १९७८ मध्ये राज्यघटनेने तिला इंग्रजीच्या जोडीला राजभाषा केल्यावर आणि १९८४ मध्ये ‘पूनाना लेओ’ या बालवाड्या सुरू झाल्यावर. तिथे तीन-चार वर्षांची मुले दिवसभर हवाईयनच ऐकतात, बोलतात. नावेचेही तसेच झाले. १९७६ मध्ये जुन्या घाटाची ‘होकुलेआ’ ही दुहेरी होडी कोणतेही यंत्र न वापरता, तारे आणि लाटा वाचत, ताहितीपर्यंत नेण्यात आली. त्या वेळी अशी सफर करू शकणारा माणूस हवाईत उरला नव्हता. मायक्रोनेशियातल्या सातावल बेटावरून माऊ पिआइलुग या नावाड्याला बोलवावे लागले. होडी जुन्या घाटाने पुन्हा बांधता आली, ती चालवण्याची विद्या मात्र नाहीशी झाली होती. ती परत आली ती प्रत्यक्ष समुद्रात उतरल्यावरच.

आता आपल्या मुलखात येऊ. धाब्याचे घर कसे बनते हे एकदा जवळून पाहिले तर वरचा मुद्दा इथे कसा लागू पडतो ते कळते. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा बारीक काटक्यांचा थर, त्यावर वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती पसरून भागत नाही. ती भिजवून, चोपून, पाणी पनाळ्याकडे वाहील असा उतार देऊन बसवावी लागते. भिंतीच्या गिलाव्याची माती भुसा आणि शेण घालून काही दिवस कुजू द्यायची, मग लावायची. लगेच लावली तर वाळताना तडकते. आतली जमीन धुमसाने ठोकून घट्ट करायची आणि शेणाने सारवायची. दर वैशाखात धाब्यावर चढून भेगा बुजवायच्या, घुशींनी पोखरलेली जागा भरायची. श्रावणात कानबाई देवी घरी यायच्या आधी सगळे घर झाडून, पोतारून, ओट्याला गेरूचा पट्टा ओढून तयार करायचे. यातले एकही काम एकदाच करून संपणारे नाही. पावसाळ्याआधीची एक फेरी चुकली की पाणी मुरते, दोन चुकल्या की कडी कुजते, चार-पाच चुकल्या की घर बसते. म्हणून बंद ठेवलेले मातीचे घर हे जपलेले घर कधीच नसते. कुलूप लावल्या दिवसापासून ते पडायला लागलेले असते.

हे काम किती जुने आहे याचा पुरावा आपल्या पायाखाली आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे प्रकाशे, गिरणेकाठचे बहाळ, तापीकाठचे सावळदे, धुळे जिल्ह्यातले कवठे, या ठिकाणी पुरातत्त्वज्ञांनी उत्खनने आणि पाहणी केली तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांच्या वस्त्या सापडल्या. सावळद्याच्या नावाने तर त्या काळातली एक संस्कृतीच ओळखली जाते, आणि ती सुमारे चार हजार वर्षांमागे जाते. अशा जागी जमिनीत दडलेला राजवाडा वगैरे निघत नाही. निघतात ते जमिनीचे थर, चुली, राखेचे डाग, खांबांचे खड्डे आणि खापरे. एक घर पडले की त्याच मातीवर दुसरे उभे राहिले, त्यावर तिसरे, आणि हळूहळू टेकाड झाले. गावकरी त्याला पांढर म्हणतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचीच माती धाब्यावर टाकायला नेत आले. पुरातत्त्वाच्या दृष्टीने हे नुकसानच आहे, कारण माती उकरली की थर मोडतात. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. खानदेशातली मातीच्या घराची परंपरा एखाद्या वास्तूच्या टिकण्यावर कधी अवलंबून नव्हती. वास्तू पडत गेल्या, परंपरा चालत राहिली, कारण पुढच्या पिढीला तेच काम येत होते. चार हजार वर्षांत न तुटलेला हा धागा गेल्या पन्नास वर्षांत तुटत आला आहे.

खानदेशात असे एक घर आहे की ज्याच्यामुळे हा विचार आणखी पुढे नेता येतो. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे घर आहे. बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळच्या असोद्याला, महाजनांच्या घरी झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधऱ्यांकडे आल्या, तिशीत वैधव्य आले, पदरी तीन मुले आणि शेतीचा व्याप. लिहिणे-वाचणे त्यांना येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या गाणी रचत. त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव चौधरी आणि एक नातलग यांनी ती उतरून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यांच्या मागे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह निघाला. पुढे जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव मिळाले. त्यांचे घर ‘बहिणाई स्मृती’ या नावाने संग्रहालय म्हणून जपण्यात आले आहे. रोजच्या वापरातली भांडीकुंडी, शेतीची अवजारे अशा वस्तू तिथे आहेत. एका निरक्षर शेतकरणीचे राहते घर लेखकाचे स्मारक म्हणून जपले जावे, ही महाराष्ट्रात सहज घडणारी गोष्ट नाही. कोकणात मालगुंडला, समुद्रापासून जवळच, केशवसुतांचे घर कोकण मराठी साहित्य परिषदेने असेच उभे केले आहे. पण केशवसुत शिकलेले, शाळामास्तर, लिहिणारे कवी होते. जळगावच्या घराचे वेगळेपण असे की त्यात लिहिण्याचे टेबल नव्हतेच. तिथल्या कवितेची साधने म्हणजे जाते, सूप, चूल आणि विळा.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. गाणी पुस्तकात सुखरूप आहेत, शाळेत शिकवली जातात, रेडिओवर वाजतात. मग घर कशाला? अक्षर मिळाले की वास्तूची गरज संपते. खानदेशाचा इतिहासही असेच सांगतो असे वाटेल: १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली म्हणून ती जगभर गेली, त्यासाठी तुरुंगाची कोठडी पाहायला कोणी जायला हवे असे नाही. हे खरे आहे, पण प्रवचन आणि जात्यावरचे गाणे यांत एक फरक आहे. प्रवचन कुठेही बसून देता येते. जात्यावरचे गाणे जात्याच्या फेऱ्याबरोबर चालते. हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने घास टाकायचा, दमायला झाले की ओळ थांबवायची आणि फेरा पुन्हा लयीत आला की पुढची ओळ घ्यायची. बहिणाबाईंची ‘घरोट’ ही कविता वाचणाऱ्या आजच्या मुलाने जाते फिरताना पाहिलेले नसते, तेव्हा त्याला शब्द कळतात, श्वास कळत नाही. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ हे पुस्तक केले, आणि पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. हे काम थोर आहे. पण असे काम करण्याची वेळ आली तीच मुळी विजेची गिरणी गावात आली, जाते अडगळीत गेले आणि त्याबरोबर गाण्याची वेळही गेली म्हणून. अवजार आणि गाणे एकत्र जगतात आणि एकत्रच जातात, हे या संग्रहांनीच सिद्ध केले आहे. वही गाणे वाचवते. गाणे ज्यातून उगवले ते वाचवायला जागा लागते.

दुसरा आक्षेप याच्या उलट्या बाजूने येतो. ज्या कामाने बायांच्या पाठी मोडल्या ते काम कौतुकाने दाखवायचे का? पहाटे उठून दोन-दोन पायल्यांचे दळण दळणे, धुराने डोळे चोळत भाकरी थापणे, विहिरीवरून पाणी ओढणे, यात रम्य काय आहे? गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो त्यांचा हक्कच होता. हा आक्षेप करणाऱ्याशी वाद घालण्याचे कारण नाही, त्याचे म्हणणे संग्रहालयाच्या कामात घ्यायचे आहे. वारसा म्हणजे गोड आठवण असे धरले की जाते रांगोळी काढून, फुले वाहून मांडले जाते. पाहुणे त्याच्यासोबत फोटो काढतात आणि दळणाऱ्या बाईचे कष्ट तिथून गायब होतात. त्यापेक्षा जाते चालू स्थितीत ठेवावे, ते वेळोवेळी टाकवून घ्यावे, येणाऱ्याला शेरभर ज्वारी दळायला द्यावी. पाव तासात दंड भरून येतात आणि मग बहिणाबाईंच्या ओळींतला सोसण्याचा भाग आपसूक कळतो. काम करून पाहिले की कौतुक कमी होते आणि आदर वाढतो. कष्ट परत आणायचे नाहीत, ते लपवायचेही नाहीत. ते खरेपणाने दाखवण्याची सर्वांत चांगली जागा त्या कामाचे घर हीच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, कारण तो जिवाशी आहे. मातीचे घर गळते, त्यात विंचू-साप निघतात, आणि भूकंपात ते माणसे मारते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेत गेली ती चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची अवजड छपरे अंगावर पडून. मग कोणत्या तोंडाने लोकांना मातीच्या घरात राहा म्हणायचे? म्हणायचे नाहीच. ज्याला घरकुल योजनेतून पक्के घर मिळते त्याने ते आनंदाने घ्यावे. त्याला वारशाच्या नावाखाली ओलीत आणि अंधारात अडकवणे हा अन्याय होईल, आणि असा सल्ला देणारे बहुतेक वेळा स्वतः सिमेंटच्या घरात राहतात. पण किल्लारीतून निघणारा धडा ‘माती वाईट’ इतका सोपा नाही. मातीचे छप्पर दर पावसाळ्याला नुसती नवी माती टाकत गेले, जुनी काढली नाही, तर त्याचे ओझे वाढतच जाते. दगड भिंतीत एकमेकांत न गुंतवता नुसते चिखलात लावले तर भिंत धक्क्याने दोन भागांत फुटते. म्हणजे धोका मातीत जितका आहे तितकाच तिच्याशी वागायची विद्या विसरण्यातही आहे. शिवाय खानदेशचा उन्हाळा पाहता हा विचार केवळ जुन्याचा राहत नाही. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पातळ भिंती आणि सिमेंटचा स्लॅब यांची खोली दुपारी भट्टी होते, रात्रीही निवत नाही. जाड मातीची भिंत ऊन आत यायला तासन्‌तास लावते. पुढची घरे बांधणाऱ्यांनी या गुणाचा भूकंपसुरक्षेशी मेळ घालायचा असेल तर मातीचे काम जाणणारे गवंडी जिवंत असायला हवेत, आणि त्यांना शिकायला, शिकवायला काही खरी घरे हवीत.

चौथा आक्षेप विद्वानांचा. दर वर्षी माती बदलली, कड्या बदलल्या, जमीन नवी केली, तर मग त्यात जुने काय उरले? हे तर नवे घर जुन्या साच्यात ओतल्यासारखे झाले. वास्तुजतनाच्या युरोपीय विचारात मूळ द्रव्याला फार मान आहे. तो दगडी इमारतींच्या अनुभवातून आला आणि दगडापुरता योग्यही आहे. पण जपानमधल्या इसे इथली देवस्थाने दर वीस वर्षांनी पाडून शेजारच्या जागेवर तशीच नवी बांधतात. शेवटची बांधणी २०१३ मध्ये पूर्ण झाली. तिथे लाकूड नवे असते, सुतारकी शतकानुशतकांची असते. १९९४ मध्ये जपानच्याच नारा शहरात भरलेल्या परिषदेने जगाला हे मान्य करायला लावले की अस्सलपणाची कसोटी प्रत्येक संस्कृतीच्या स्वतःच्या रीतीतून घ्यावी लागते, त्यात कारागिरी, वापर, परंपरा यांनाही स्थान आहे. खानदेशच्या घराला हीच कसोटी लावायची. तिथे जुनेपण मातीच्या कणात शोधू नये. माती कुठून आणली, किती दिवस मुरू दिली, उतार कोणी कसा काढला, आणि हे ज्याने केले त्याला ते कोणी शिकवले, या साखळीत ते आहे. साखळी अखंड असेल तर काल सारवलेली जमीनही जुनी. ती तुटली असेल तर शंभर वर्षांची भिंतदेखील नुसता ढिगारा.

शेवटचा आक्षेप पैशाचा आणि अग्रक्रमाचा. खानदेशाची बोली संकटात असताना भिंतींवर खर्च कशाला, तो शाळांवर करा. इथे आक्षेप घेणाऱ्याचे निदान बरोबर आहे. पश्चिमेकडे धुळे-नंदुरबारकडची अहिराणी आणि पूर्वेकडे बहिणाबाईंच्या कवितेतली लेवा गणबोली, दोन्हींना घराबाहेर मान कमी मिळाला. भाषाभ्यासक ग्रिअर्सनने १९०७ मध्ये भारताच्या भाषापाहणीच्या नवव्या खंडात खानदेशीला मराठीपासून वेगळे काढून भिल्ली बोलींसोबत ठेवले. त्याच्या मताबद्दल पुढे वाद झाले, पण बोलीची दखल त्याने घेतली. २०११च्या जनगणनेत आपली मातृभाषा खानदेशी गटातली असल्याचे सुमारे १८ लाख ६० हजार लोकांनी नोंदवले. प्रत्यक्षात बोलणारे याहून पुष्कळ असतील, कारण घरी अहिराणी बोलणारा माणूस सरकारी कागदावर मराठी लिहून मोकळा होतो. तेव्हा शाळा हव्यात, यात शंका नाही. पण हवाईचा अनुभव सांगतो की भाषा नुसत्या वर्गात वाढत नाही, तिला काम करताना बोलायची जागा लागते. आखाजीच्या सणाला माहेरी आलेल्या मुली झोक्यावर गाणी म्हणतात ती अहिराणीत. कानबाईचे रोट होतात, आरती-गाणी होतात तीही तिच्यातच. धाब्यावरचा माणूस खालच्याला माती दे, पाणी दे, थांब, तिकडून चोप असे ओरडतो तेव्हा कोणी प्रमाण मराठी आठवत बसत नाही. असे घर चालू ठेवणे म्हणजे त्या बोलीला रोजचे काम देणे होय. शाळा आणि घर यांत निवड करायचीच नाही. शाळेची मुले वर्षातून चार-सहा वेळा त्या घरात कामाला नेली तर एकाच खर्चात दोन्ही होतात.

या सगळ्या वादातून जे हाती लागते ते अगदी साधे आणि करण्याजोगे आहे. प्रत्येक गावात घरे जपायला निघू नये, ते जमणार नाही आणि गरजही नाही. एका तालुक्यात एक घर, मालकाच्या राजीखुशीने घेतलेले, पुरेसे आहे. त्याच्या डागडुजीचा खर्च वर्षातून एकदा मिळणाऱ्या अनुदानावर सोडू नये. वैशाखातले धाब्याचे काम आणि श्रावणाआधीचे पोतारणे ही दोन कामे ठरलेल्या मजुरीवर गावातल्याच जाणत्या बाया-पुरुषांकडून व्हावीत, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या हाताखाली दोन तरुण शिकायला असावेत. सारवणारी बाई ही त्या घराची तज्ज्ञ आहे, सफाईकामगार नव्हे, आणि तिचे मानधन त्या हिशोबाने ठरावे. कामाची, अवजारांची, मातीची नावे त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच बोलीत टिपून ठेवावीत. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाने चालणारे संशोधन मंडळ जुने कागद जपते, तशीच ही नोंदही पुढच्या अभ्यासकाला मिळायला हवी. आणि घराला कुलूप असू नये. राहणारे कुटुंब असेल तर उत्तम. नसेल तर बचतगटाचे, बालवाडीचे, भजनी मंडळाचे काहीतरी रोजचे काम तिथे चालावे.

पुढच्या पानांतली वर्णने वाचताना वाचकाने हीच कसोटी मनात ठेवावी असे वाटते. एखादे घर किती जुने, कोणत्या मानकऱ्याचे, त्यावर नक्षी किती, हे प्रश्न स्वाभाविक आहेत आणि त्यांची उत्तरेही मिळतील. पण त्या घराचे भवितव्य ठरवणारे प्रश्न दुसरेच आहेत: यंदा धाबे कोणी चोपले, त्याला ते कोणी शिकवले, आणि पुढच्या वैशाखात ते कोण करणार? तिन्ही उत्तरे ज्या घरात मिळतात ते घर मोडकळीला आलेले दिसले तरी जिवंत आहे. ज्या घरात तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही, तिथे फलक लावण्याआधी एक माणूस शिकवायला हवा.

दोंडाईचा